ड्युटी शून्य झाली, पण माल कुठला? हे आधी विचारा



मुक्त व्यापार कराराची बातमी आली की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते. ड्युटी किती कमी झाली? २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, तेव्हा आपल्या ग्रुपवरही तेच फिरलं. भारताच्या ९९ टक्के मालप्रकारांवर तिकडे शून्य ड्युटी. लगेच प्रश्न सुरू झाले, "सर, मग आपण एक्सपोर्ट सुरू करायचं का?"

करा ना, जरूर करा. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारा. शून्य ड्युटी कुणाच्या मालाला? उत्तर असतं, भारताच्या मालाला. मग भारताचा माल म्हणजे काय? भारतातून जहाजात चढला तो? भारतात पॅक झाला तो? भारतीय माणसाने विकला तो? यातलं एकही उत्तर बरोबर नाही. बरोबर उत्तर कराराच्या एका वेगळ्या प्रकरणात असतं, आणि ते प्रकरण फार कमी लोक वाचतात. त्याचं नाव रूल्स ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मुळात कुठला हे ठरवायचे नियम.

माझं स्पष्ट मत आहे की करारात ड्युटीचा तक्ता फक्त दार दाखवतो. कुलूप आणि किल्ली या ओरिजिनच्या प्रकरणात असते. आणि झरी जामणीसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यातल्या माणसाला याचा संबंध मुंबईच्या व्यापाऱ्यापेक्षा जास्त आहे. कसा ते सांगतो.

सातबारा म्हणजे आपला ओरिजिनचा दाखला

हा विषय अवघड वाटतो, पण आपल्या कास्तकाराला तो आधीच माहीत आहे.

सीसीआयच्या केंद्रावर हमीभावाने कापूस द्यायचा असेल तर काय लागतं? सातबारा, आणि त्यावर कापसाची पीक नोंद. का लागतं? कारण हमीभाव शेतकऱ्यासाठी आहे. बाहेर स्वस्तात कापूस गोळा करून तोच सीसीआयला विकणाऱ्यासाठी तो नाही. कागद नसेल तर कुणीही कुठलाही कापूस आणेल आणि फायदा भलताच घेऊन जाईल. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणा आहे. गाडीत भरलेला कापूस अलीकडचा की पलीकडचा, हे बोंड बघून कुणाला सांगता येतं का? नाही येत. म्हणून कागद.

देशांचंही असंच आहे. भारताने बांगलादेशला सवलत दिली, तर ती बांगलादेशच्या मालाला मिळाली पाहिजे. तिसऱ्याच देशाचा माल ढाक्यात उतरवून, लेबल बदलून भारतात शून्य ड्युटीने आला तर सवलतीला अर्थ राहत नाही. ही पळवाट बंद करायला ओरिजिनचे नियम आले. सातबाऱ्याच्या जागी तिथे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन असतं, म्हणजे सीओओ.

आणि जसा सातबाऱ्याचा गैरवापर होतो, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माल खपवल्याची कुजबुज दर हंगामात कानावर येते, तसाच सीओओचाही होतो. त्याकडे पुढे येतोच.

"बनलं" म्हणजे नक्की काय झालं?

नियमांच्या ढोबळ तीन कसोट्या असतात.

पहिली, पूर्णपणे तिथलंच. शेतात पिकलेलं, खाणीतून काढलेलं, तिथेच जन्मलेलं जनावर. आपला कापूस, तूर, सोयाबीन, हळद, मिरची यात येतात. सगळ्यात सोपी कसोटी हीच.

दुसरी, एचएस कोड बदलला पाहिजे. जगातल्या प्रत्येक मालाला एक नंबर असतो. कापूस ५२०१, सुती सूत ५२०५, सुती कापड ५२०८, पुरुषांचा शर्ट ६२०५. बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा नंबर एक आणि तुमच्या तयार मालाचा नंबर दुसरा, म्हणजे तुम्ही खरंच काहीतरी बनवलं असं मानतात.

तिसरी, किमतीत तुमची भर किती. मालाच्या एफओबी किमतीतला ठरावीक टक्का तुमच्या देशात तयार झाला पाहिजे. दक्षिण आशियातल्या देशांचा साफ्टा करार आहे. त्याच्या सर्वसाधारण नियमात भारतासाठी हा टक्का ४०, श्रीलंकेसाठी ३५ आणि बांगलादेश, नेपाळसारख्या अल्पविकसित देशांसाठी ३० आहे. सोबत चार आकडी एचएस कोडही बदलावा लागतो.

आता डाळ मिलवाल्यांनी नीट लक्ष द्या. भारत मोझांबिक आणि म्यानमारमधून भरपूर तूर आणतो. समजा एखाद्याने मोझांबिकची तूर आणली, इथे भरडली, छान डाळ केली, पॅकिंग केलं आणि दुबईला भारतीय तूरडाळ म्हणून सवलतीत पाठवायचं ठरवलं. अख्खी तूर आणि तूरडाळ, दोघांचाही चार आकडी कोड ०७१३ च आहे. भरडून, साल काढून कोड बदलत नाही. म्हणजे कोड बदलण्याच्या कसोटीत ती डाळ नापास. तीच डाळ आपल्या तालुक्यातल्या तुरीची असेल तर पहिल्याच कसोटीत पास. डाळ तशीच, मिल तीच, कामगार तेच. फरक फक्त पोत्यात तूर कुठून आली याचा.

मग ते सिद्ध कशाने करणार? खरेदीच्या नोंदीने. इथेच आपल्याकडचे बरेच जण अडकतात.

क्युम्युलेशन: शेजाऱ्याची भर आपल्या खात्यात

आता थोडा अवघड भाग, पण मजेदार आहे. क्युम्युलेशन म्हणजे एकत्रित मोजणी. एकाच करारातल्या देशांनी एकमेकांचा माल वापरला, तर तो परका न धरता आपलाच धरायचा.

आकड्यांत बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

ढाक्याच्या एका कारखान्यात जॅकेट बनतं. भारतात पाठवायची एफओबी किंमत १,००० रुपये. कापड चीनचं, ५५० रुपयांचं. अस्तर, चेन, बटणं तीही चीनची, २०० रुपयांची. बांगलादेशची भर उरली २५० रुपये, म्हणजे २५ टक्के. नियम ३० टक्क्यांचा. नापास.

आता तेच जॅकेट. फक्त कापड चीनऐवजी भारताचं घेतलं, तेवढ्याच ५५० रुपयांचं. साफ्टाच्या एकत्रित मोजणीत दोन अटी आहेत. करारातल्या देशांची मिळून भर ५० टक्क्यांपेक्षा कमी नको, आणि शेवटच्या देशाची स्वतःची भर २० टक्क्यांपेक्षा कमी नको. इथे भारताचे ५५ अधिक बांगलादेशचे २५, झाले ८०. बांगलादेशचे एकट्याचे २५. दोन्ही अटी पूर्ण. पास.

कापडाचा भाव बदलला नाही, शिलाई बदलली नाही. तरी जॅकेटला सवलत मिळाली, कारण कापड कुणाकडून घेतलं ते बदललं. म्हणजे हा नियम ढाक्यातल्या कारखानदाराला सांगतोय, "चीनकडून नको, भारताकडून घे." भारतीय कापडाला मागणी आली की सुताला येते, सुताला आली की जिनिंगला, आणि जिनिंग म्हणजे वणी-पांढरकवड्याच्या रस्त्यावर रांगेत उभ्या असलेल्या आपल्या गाड्या.

यात एक खाच आहे. साफ्टासारख्या पद्धतीत शेजाऱ्याकडून आलेलं कापड स्वतः भारतीय ओरिजिनच्या कसोटीत पास असावं लागतं. नुसतं भारतातून आलं म्हणून चालत नाही. काही करारांत पूर्ण एकत्रित मोजणी असते. तिथे प्रत्येक देशात झालेलं काम जोडत जातात, मधला माल स्वतः पास नसला तरी. नाव एकच, क्युम्युलेशन, पण परिणाम वेगळे. म्हणून करारात "क्युम्युलेशन आहे" एवढं वाचून थांबू नका, कोणतं आहे ते बघा.

युरोपने एक अट सैल केली

याचं मोठं उदाहरण युरोपचं. बांगलादेश अल्पविकसित देश आहे, म्हणून त्याच्या कपड्यांना युरोपात ड्युटी नाही. इतरांना कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत लागते. पूर्वी या सवलतीसाठी कपड्याचे दोन टप्पे तिथे व्हावे लागत, म्हणजे कापड विणणं आणि शिवणं. बाहेरचं कापड आणून नुसतं शिवलं तर चालत नव्हतं. सार्क देशांच्या एकत्रित मोजणीत भारतीय कापडाला अटींवर जागा होती.

१ जानेवारी २०११ पासून युरोपने अल्पविकसित देशांसाठी अट सैल केली. एकच टप्पा पुरे. कापड जगातून कुठूनही आणा, फक्त तिथे शिवा. बांगलादेशच्या शिलाई धंद्याला हे वरदान होतं, आणि तिथे काम करणाऱ्या लाखो बायाबापड्यांचं पोट त्यावर आहे, त्याबद्दल आकस नाही. पण आपल्या बाजूने बघा. भारताचं कापड घेण्यामागचं नियमाचं कारण तिथे संपलं. चीनचं कापडही तितकंच चालू लागलं.

आता हे चक्र पुन्हा फिरायची वेळ आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये बांगलादेशने अल्पविकसित यादीतून बाहेर पडायचं वर्ष २०२६ ठरवलं. त्यानंतर युरोपची सवलत आणखी तीन वर्षं चालते. पुढे दोन टप्प्यांची अट परत लागू होते. तेव्हा ढाक्याला कापड स्वतः विणावं लागेल, किंवा ज्या देशाचं कापड आपल्यात मोजता येतं तिथून आणावं लागेल. तो देश भारत असावा की नाही, हे कुठल्यातरी वाटाघाटीच्या टेबलावर ठरणार. आपल्या कापसासाठी ही बातमी ड्युटीच्या बातमीपेक्षा मोठी आहे.

आणि नेमकं अशा वेळी आपलं चाललंय काय? एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने जमिनीच्या सीमेवरून भारतीय सुताची आयात थांबवली. मे २०२५ मध्ये भारताने त्यांचे तयार कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरांतून येतील असं केलं. दोन्हीकडचं राजकारण मला कळतं. पण सुताचा मोठा गिऱ्हाईक दुरावतो, तेव्हा शेवटचा फटका ज्याच्या घरात कापूस पडून आहे त्यालाच बसतो.

सोयाबीन: नियम कागदावर, तेल टँकरमध्ये

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल सैल नियम नेहमी चांगलेच.

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली. कच्च्या तेलावर एकूण २७.५ टक्के, रिफाइंडवर ३५.७५ टक्के. सांगितलेलं कारण चांगलं होतं, सोयाबीनला भाव मिळावा. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखालीच विकावं लागलं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

पण साफ्टाखाली नेपाळचं रिफाइंड तेल शून्य ड्युटीने येतं. नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकतं का? नाही. कच्चं तेल परदेशातून येतं, तिथे रिफाइन होतं आणि भारतात उतरतं. ड्युटी वाढल्यावर ही आवक जोरात वाढली. सोयाबीन तेल हा नेपाळच्या निर्यातीतला सगळ्यात मोठा माल होऊन बसला. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनने सरकारकडे वारंवार तक्रार केली की ओरिजिनचे नियम नीट तपासा.

सरळ प्रश्न आहे. आणलेलं कच्चं तेल रिफाइन करून ३० टक्के भर पडते का? कच्च्या तेलाचा भावच तयार तेलाच्या किमतीचा बहुतेक भाग असतो. ज्याने कधी तेलाचा धंदा केलाय तो मनात गणित करेल.

म्हणजे आपल्या सोयाबीनला भाव देण्यासाठी पुढचं दार लावलं आणि मागचं उघडं राहिलं. पुढे ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरची ड्युटी १६.५ टक्क्यांवर आणली. रिफाइंडवर ३५.७५ च ठेवली. त्यामुळे शून्यवाल्या रस्त्याचं आकर्षण तसंच राहिलं.

ड्युटीच नसेल तर ओरिजिन कोण विचारतो?

कापसावर एकूण ११ टक्के आयात ड्युटी होती. १९ ऑगस्ट २०२५ पासून ती काढली, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका आपला वेचणीचा काळ.

आधी ऑस्ट्रेलियाच्या करारात, जो २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, ५१,००० टन कापूस वर्षाला बिनड्युटी यायची मर्यादा होती. म्हणजे १७० किलोच्या ३ लाख गाठी. तिथे मर्यादा होती, दाखला लागत होता. पण ड्युटी सगळ्यांसाठीच शून्य केली की ब्राझील असो, अमेरिका असो, कुणालाही सवलतीसाठी दाखल्याची गरज नाही. ओरिजिनच्या नियमाला किंमत तोपर्यंतच, जोपर्यंत बाहेरच्यांना ड्युटी आहे. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर केला आणि दुसरीकडे दार सगळ्यांना मोकळं केलं. सूतगिरण्यांची बाजू खोटी नाही, त्यांना कच्चा माल स्वस्त हवा. पण मग सगळा भार सीसीआयच्या केंद्रांवर येतो, आणि केंद्रावरची रांग तुम्ही पाहिली आहे.

मग नियम कडक हवेत की सैल?

लोक मला म्हणतात, "सर, तुम्ही कापसासाठी क्युम्युलेशन मागता आणि तेलासाठी तपासणी. हे दुटप्पी नाही का?" नाही. माझी कसोटी दोन्हीकडे एकच आहे. सवलतीमुळे आपल्या शेतातल्या मालाची मागणी वाढते का?

ढाक्याच्या जॅकेटमध्ये आपलं कापड मोजलं तर वाढते. तिथे भारताने पुढाकार घ्यावा. ज्या ज्या कराराची बोलणी होतील तिथे आपलं सूत आणि कापड शेजाऱ्याच्या मालात मोजलं जाईल असं कलम मागावं. नेपाळमार्गे आलेल्या तेलात आपला दाणा एकही नसतो. तिथे कसोटी काटेकोर लावावी. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप करारातून बाहेर राहिला, त्यात ओरिजिनच्या नियमांची काळजी हे एक कारण होतंच. पण बाहेर राहणं हा कायमचा उपाय नाही. नियम नीट लिहून घेणं आणि ते पाळले जातात का हे बघणं हा उपाय आहे.

पाळण्यासाठी कायदा आहे. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम लागू आहेत. त्यानुसार सवलत घेणाऱ्या आयातदाराने नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. माल कसा बनला, भर किती, ही माहिती त्याच्याकडे हवी आणि कागद पाच वर्षं जपायला हवेत. चांगला नियम आहे. माझी तक्रार एवढीच की त्याची धार छोट्या आयातदाराला जास्त लागते. त्याच्याकडे ना सीए ना वकील. टँकरच्या टँकर आणणाऱ्याकडे दोन्ही असतात. तपासणी मालाच्या आकाराप्रमाणे आणि धोक्याप्रमाणे व्हावी, कागद भरणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ओरिजिनचे नियम उद्या सुधारले म्हणून कापूस परवा दहा हजारावर जाणार नाही. भाव जगाच्या बाजारावर, पावसावर, रुईच्या प्रतीवर, डॉलरवर ठरतो. पण मागणी कोणत्या रस्त्याने येणार, हे हे नियम ठरवतात. आणि रस्ता चुकलेली मागणी सहसा परत येत नाही.

आपल्या पातळीवर काय करायचं?

दिल्लीतलं दिल्लीवाले बघतील. आपण चार कामं आजपासून करू शकतो.

१. खरेदीची नोंद गावनिहाय ठेवा. शेतकरी कंपनी असो, डाळ मिल असो, मिरची पावडर करणारा बचत गट असो. कुणाकडून, किती, कोणत्या तारखेला घेतलं आणि त्या मालाचा लॉट नंबर काय, एवढी वही पुरे. आपला आणि बाहेरून आणलेला माल एकाच ढिगात टाकू नका. एकदा मिसळला की सिद्ध करता येत नाही.

२. आधी एचएस कोड काढा, मग त्या कोडपुढचा ओरिजिनचा नियम वाचा, आणि सगळ्यात शेवटी ड्युटी बघा. बहुतेक जण उलट करतात.

३. आयईसी काढा. डीजीएफटीच्या साइटवर अर्ज होतो, फी ५०० रुपये. सीओओ ऑनलाइन मिळतं. अडलं तर डीजीएफटीचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे.

४. फायद्याचा वाटा मागा. हे कुणी शिकवत नाही. ड्युटी भरतो तिकडचा खरेदीदार, त्यामुळे वाचलेले पैसेही आधी त्याच्याच खिशात जातात. यूएईची साधारण ड्युटी ५ टक्के. २ लाखांच्या मालावर १० हजार वाचले. दाखल्यासाठी धावपळ तुमची, कागद तुमचे, नोंदी तुमच्या. मग भाव ठरवतानाच सांगा, "दाखला देतो, पण किलोमागे दर थोडा वाढवा." लहान लॉटमध्ये कागदाचा खर्चच फायद्यापेक्षा जास्त होत असेल, तर चार जणांनी मिळून एक लॉट करा.

"कस्तुरी कॉटन भारत" ही योजना तुम्ही ऐकली असेल. गाठ कुठल्या जिनिंगची, हे शेवटपर्यंत शोधता यावं असा तो प्रयत्न आहे. तो सीओओ नव्हे. पण दिशा तीच आहे. माल कुठला हे जो कागदावर दाखवू शकेल, त्याला पुढे भाव मागता येईल.

सातबारा जपायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाजवळ ठेवतो आपण तो. धंद्याचा सातबाराही तसाच जपा. आणि पुढच्या वेळी कोणी सांगितलं की अमुक देशाशी करार झाला, ड्युटी शून्य झाली, तर त्याला एवढंच विचारा, "ओरिजिनचा नियम काय आहे, दादा?" उत्तर आलं तर त्याच्यासोबत चहा घ्या. नाही आलं तर एचएस कोड लिहून व्हिडिओखाली टाका, आपण मिळून शोधू.